अठ्ठाविसावी तालीम

बाबूसाहेबांना जगाचं नेतृत्व करायचं होतं. सगळ्या जगाचं नाही जमलं तर निदान पाच देशांचं. कंपनीचे पाच देशांत मिळून सात कारखाने होते, त्या सातांवर एक मोठा साहेब नेमायचा होता, आणि तो साहेब घडवण्यासाठी वर्षभराचा अभ्यासक्रम काढला होता. बावीस अधिकारी निवडले होते. दर महिन्याला एक आठवडा काचेच्या इमारतीत जायचं, छातीवर नावाची पट्टी लावायची, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायच्या आणि 'मी कोण आहे' या विषयावर तीन मिनिटं बोलायचं. हे घरच्या माणसांनी फुकटात आणि जास्त खरं सांगितलं असतं, पण त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही.

बाबूसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. घरी ते बाबू आणि कारखान्यात साहेब, म्हणून आपण बाबूसाहेब म्हणू. वय सत्तेचाळीस. पंप बनवणाऱ्या कारखान्याचे प्रमुख. तळापासून चढत आलेले, त्यामुळे सारखं वर बघायची खोड लागलेली. ही जागा या वर्षी भरली की पुढची दहा वर्षं रिकामी व्हायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दहा वर्षांनी आपल्याला कुत्रंही विचारणार नाही, हेही ठाऊक होतं.

अकरा महिने संपले तेव्हा बावीसांतले वीस मागे पडले होते. उरले बाबूसाहेब आणि विक्री खात्याचा प्रमुख. या विक्रीवाल्याला सगळे परीटघडी म्हणत, कारण त्याचा शर्ट संध्याकाळी सहा वाजताही सकाळी आठसारखा असे. दोघांत दोन मार्कांचं अंतर होतं, आणि ते दोन मार्क परीटघडीच्या खिशात होते. आता सगळी मदार शेवटच्या परीक्षेवर होती.

शेवटच्या परीक्षेचं नाव 'अवघड संवाद'. साध्या भाषेत, माणसाला नोकरीवरून काढणं.

हा विषय शिकवायला एक कोचबाई होत्या. आवाज इतका मऊ की वर्गात पुढे सरकून ऐकावं लागे. गोगलगाय अन् पोटात पाय, अशातली गत. "माणूस जात नसतो," त्या म्हणायच्या, "भूमिका संपत असते." मग नियम सांगायच्या. पहिल्या अर्ध्या मिनिटात निर्णय सांगून मोकळं व्हायचं. माफी मागायची नाही, माफी मागितली की निर्णय चुकला असं वाटतं. सात मिनिटांच्या वर जायचं नाही. समोरच्याला दाराजवळची खुर्ची द्यायची. पाण्याचा ग्लास अर्धाच भरायचा, कारण भरलेला ग्लास थरथरत्या हातातून सांडतो आणि मग टेबल पुसण्यात वेळ जातो.

शंभरातले पन्नास मार्क तुमचे नव्हतेच. ते समोरचा माणूस किती शांत राहिला, त्यावर होते. तो ओरडला, रडला, दार आपटून गेला, की पन्नास गेले.

"परीक्षेत खराच माणूस काढायचा?" परीटघडीनं विचारलं.

"खराच," कोचबाई म्हणाल्या. "पोहायची परीक्षा कोरड्या जमिनीवर घेतात का? तुमच्या तुमच्या ऑफिसात घ्यायची. कॅमेरा लावलेला असेल, मी पडद्यावरून बघत असेन. काढायच्या माणसांच्या याद्या मुख्यालयातून येतीलच, त्यातली पहिली मुलाखत परीक्षेची. आणि तोवर रोज तालमी करा. आपल्याच माणसांना समोर बसवून, त्याच खोलीत, त्याच कंपनीच्या कागदावर, त्याच पेनानं. तालमीत आणि खऱ्यात केसाचाही फरक राहता कामा नये."

बाबूसाहेबांनी हे शब्द वहीत लिहून घेतले आणि खाली रेघ ओढली.

तालमीसाठी माणूस शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. कारखान्याच्या टूलरूमचा फोरमन त्यांच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. टूलरूम म्हणजे जिथे पंपाचे साचे आणि हत्यारं बनतात ती जागा, आणि तिथल्या या फोरमनला सगळा कारखाना वस्ताद म्हणे. एकतीस वर्षं नोकरी. आईवडील लवकर गेले तेव्हा ताईनं बाबूला लग्नात बरोबर आणलं होतं, असं नातेवाईक थट्टेनं म्हणत. ते खोटं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी भाऊजींनीच त्याला टूलरूममध्ये चिकटवला, कानस कशी धरायची ते हात धरून शिकवलं, आणि पहिल्या महिन्यात त्यानं वाया घालवलेला साचा स्वतःच्या नावावर घेतला. पुढे मेहुणा साहेब झाला, तर भाऊजी सगळ्यांदेखत त्याला 'साहेब' म्हणू लागले, आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. मी असा माणूस दुसरा पाहिलेला नाही, आणि असता तर त्याचंही असंच झालं असतं.

"मला नोकरीवरून काढायचंय? काढ की!" भाऊजी म्हणाले. "रोज काढ. चहा मात्र तुझ्याकडचा."

पहिल्या तालमीत दोघांनाही हसू आवरेना. दुसऱ्या तालमीपासून भाऊजी रंगात आले. एक दिवस भांडखोर कामगार झाले आणि टेबलावर अशी मूठ आपटली की शेजारच्या खोलीतली टायपिस्ट धावत आली. एक दिवस छाती धरून खुर्चीवरून घरंगळले. एक दिवस नुसते रडले, आणि इतकं खरं रडले की बाबूसाहेबांचा नियम मोडला आणि त्यांनी 'सॉरी' म्हटलं. "चुकलास!" भाऊजींनी डोळे पुसत बोट दाखवलं. "माफी नाही मागायची. पुन्हा पहिल्यापासून."

दुपारच्या सुट्टीत खोलीच्या काचेबाहेर गर्दी जमू लागली. वस्ताद आज काय होणार यावर पैजा लागत. खोलीतून बाहेर आले की टाळ्या पडत, आणि वस्ताद दोन्ही बाजूंना वाकून नमस्कार करत टूलरूमकडे जात. शेवटी पत्रावर सही करायची असे, तीही ते रोज वेगळी करत. कधी 'गरीब बिचारा', कधी 'तुझा सासरा', एकदा तर चक्क चेअरमनची. ते सगळे कागद बाबूसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये साठत गेले.

कोचबाईंनी तालमींचे व्हिडिओ बघितले. "हा माणूस कोण आहे?" त्यांनी फोनवर विचारलं. "याच्यासमोर तुमचा आवाज सगळ्यात छान लागतो."

चोविसाव्या तालमीनंतर यादी आली. टूलरूम बंद. साचे यापुढे दुसऱ्या देशातून येणार होते. नऊ माणसं, सेवाज्येष्ठतेनुसार. पहिलं नाव भाऊजींचं.

बाबूसाहेबांनी यादी उलटी करून टेबलावर ठेवली. वाईट वाटलं, हे सांगायलाच हवं. त्यांनी कोचबाईंना फोन लावला आणि म्हणाले, "पहिला माणूस माझा नातेवाईक आहे. परीक्षेसाठी मी दुसरा घेऊ का?"

"घेऊ शकता," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "पण जवळच्या माणसापासून सुरुवात केली की बाकीच्या आठांना तक्रारीला जागा उरत नाही. पुढारी असाच ओळखला जातो. आणि धैर्यासाठी वेगळे दहा मार्क आहेत, ते तुम्हाला माहीत असतीलच."

माहीत नव्हते. आता झाले.

फोन ठेवल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं, की रविवारी ताईकडे जायचं आणि भाऊजींना बाजूला घेऊन सगळं सांगायचं. मग परीक्षेत ते शांत राहतील की नाही, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला. तो प्रश्न आलाच नसता तर बरं झालं असतं.

रविवारी ते गेले. ताईनं गरम जेवण वाढलं. ती स्वयंपाकघरात वळली तसे भाऊजी खुर्ची ओढून जवळ आले. फायनलला खराच माणूस काढतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मी पण तुझ्याशी बोलणारच होतो," ते म्हणाले. "गुरुवारी तुझी फायनल ना? मी विचार करून ठेवलाय. रडका नको, भांडखोर नको. फायनलला मी समंजस माणूस होणार."

"म्हणजे?"

"म्हणजे ऐकून घेणारा. धक्का बसतो, पण सावरतो. कंपनीला दोष देत नाही. अरे, पन्नास मार्क त्यातच आहेत म्हणालास ना? ते पन्नासच्या पन्नास तुझ्या पदरात टाकतो की नाही बघ!"

बाबूसाहेबांनी तोंड उघडलं. आत शब्द होते, खरंच होते. "भाऊजी, गुरुवारचं जे आहे ना…" असं ते म्हणालेही.

"ते माझ्यावर सोड," भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "तू परदेशात साहेब झालास ना, की तुझी ताई गल्लीत कुणाला बोलू द्यायची नाही."

बाबूसाहेबांनी तोंड मिटलं. पुढचे तीन दिवस त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. आणखी तीन तालमी झाल्या, तिन्हींत भाऊजी समंजस झाले आणि दर वेळी आदल्या दिवसापेक्षा सरस झाले. बाबूसाहेब दर तालमीनंतर म्हणत, उद्या सांगू. आपणच आपल्याला असं किती सहज फसवता येतं! त्यासाठी कुठल्या अभ्यासक्रमाची गरज लागत नाही.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता भाऊजी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापूनचोपून. बोटांच्या पेरांतलं तेलही घासून काढलेलं होतं. टेबलावर अर्धा ग्लास पाणी होतं. कोपऱ्यात कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता, भिंतीवरच्या पडद्यावर कोचबाईंचा चेहरा होता, आणि मनुष्यबळ खात्याचा माणूस मांडीवर फाईल घेऊन बसला होता. भाऊजींनी सगळ्या थाटावर एक नजर टाकली. मंडळींनी खर्च बरा केलाय, असं त्यांच्या भुवया म्हणत होत्या.

"बसा," बाबूसाहेब म्हणाले. "मी सरळ मुद्द्यावर येतो. टूलरूम बंद करायचा निर्णय झाला आहे. तुमची भूमिका आजपासून संपते आहे. हा निर्णय पक्का आहे."

वीस सेकंदं. भाऊजींनी मान खाली घातली. एक लांब श्वास घेतला. त्यांच्या हनुवटीखालची कातडी जराशी हलली, आणि पडद्यावरच्या कोचबाई पुढे सरकल्या.

"एकतीस वर्षं झाली," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "सवय झाली होती. पण कंपनी चालवायची म्हणजे असे निर्णय घ्यावे लागतात, ते मला कळतं. तुमच्यावर राग नाही साहेब."

"तुमच्या सेवेबद्दल कंपनी कृतज्ञ आहे."

"एक विनंती करू?" हे तालमीत नव्हतं. ऐन वेळी सुचलेलं होतं आणि सुचल्याचा आनंद त्यांच्या डोळ्यांत दिसत होता, तो फक्त बाबूसाहेबांना दिसेल इतकाच. "माझ्या बायकोचा धाकटा भाऊ इथंच आहे. मीच आणला त्याला. त्याला हे जरा बेतानं सांगा. मन फार हळवं आहे त्याचं. मला काढलं कळल्यावर दोन दिवस जेवायचा नाही."

मनुष्यबळवाला नाक शिंकरू लागला. बाबूसाहेबांना वाटलं आपल्याला आता उठता येईल. उठावं, कॅमेऱ्याचा दिवा विझवावा, आणि या माणसाचे पाय धरावेत. साधारण तीन सेकंद त्यांना असं वाटलं. घड्याळात साडेचार मिनिटं झाली होती.

"सांगू," ते म्हणाले. आवाज खरोखरच छान लागला होता. "इथे सही करा."

भाऊजींनी पेन उचललं आणि ऐटीत 'आज्ञाधारक' मधला 'आ' काढायला घेतला.

"वस्ताद," बाबूसाहेब म्हणाले. "नेहमीची सही. बँकेत करता ती."

भाऊजी थबकले. मग त्यांच्या लक्षात आल्यासारखं झालं, की फायनल आहे, कागद तपासणार असतील. त्यांनी तो अर्धवट 'आ' नीट खोडला, बाजूला बँकेतली सही केली, खाली तारीख घातली आणि टेबलाखाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, मेहुण्याला अंगठा दाखवला.

लाल दिवा विझला. "अप्रतिम!" कोचबाई पडद्यावरून म्हणाल्या. "हे मी पुढच्या वर्गाला दाखवणार आहे."

"कसं झालं?" भाऊजींनी खुर्चीत वळून विचारलं. "ते मेहुण्याचं जमलं का? जास्त तर नाही झालं?"

सांगायला हीच शेवटची वेळ होती, आणि खोलीत सांगणारा एकच माणूस होता. बाबूसाहेब समोरचे कागद एकावर एक ठेवून त्यांच्या कडा जुळवत राहिले. मनुष्यबळवाल्यानं दार उघडलं. बाहेर दोन सुरक्षारक्षक उभे होते.

"अरे वा!" भाऊजी उठले. "हेही ठेवलंय? झकास."

आणि ते निघाले. समंजस माणूस कसा चालेल तसेच चालले, खांदे जरा पाडून पण मान ताठ. मशीनांच्या रांगेमधून रक्षक त्यांना घेऊन गेले तसे कामगार उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी घातली. "वस्ताद, आज काळजाला हात घातलात!" कुणीतरी ओरडलं. वस्तादांनी दोन्ही बाजूंना वाकून नमस्कार केला. फाटकाशी रक्षकानं ओळखपत्र मागितलं. त्यांनी ते गळ्यातून काढलं, डोळ्यांना लावलं आणि त्याच्या हातात ठेवलं. मग ते बाहेर गेले, फाटक लागलं, आणि ते उन्हात उभे राहिले, कुणीतरी 'पुरे' म्हणून आत बोलावेल याची वाट बघत.

बाबूसाहेब हे सगळं वरच्या खिडकीतून बघत होते. मधल्या वेळात दुसऱ्या माणसाला बोलवायचं होतं. ते त्यांनी केलं. टूलरूमचा दोन नंबर, भाऊजींच्या हाताखाली बावीस वर्षं राबलेला. त्यानं पाण्याचा ग्लास भिंतीवर फेकला. कॅमेरा बंद होता, त्यामुळे फरक पडला नाही. तो पिशवी घेऊन मशीनांमधून रडत गेला तेव्हा काही लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग एकेकाचे हात जागच्या जागी राहिले.

तो फाटकाबाहेर आला. भाऊजींनी पुढे होऊन त्याला मिठी मारली, पाठ थोपटली, हसत हसत त्याच्या कानात काही सांगितलं. छान करतोयस, फक्त रडणं जरा कमी कर, असंच काहीतरी असणार. त्या माणसानं भाऊजींना ढकलून दिलं आणि ओरडून काहीतरी बोलला. काचेतून ऐकू येत नव्हतं. पिशवीतून कागद काढून त्यानं तो भाऊजींच्या नाकासमोर धरला. भाऊजींनी तो वाचला. मग पुन्हा वाचला. चष्मा काढून, पुसून, आणखी एकदा वाचला. मग फाटकाशी जाऊन त्यांनी रक्षकाला काही विचारलं, आणि रक्षकानं, जो रोज काचेबाहेर पैजा लावायचा, मान फिरवली.

वर खिडकीकडे भाऊजींनी बघितलंच नाही. बाबूसाहेब पडद्याआड सरकून उभे होते, त्याची गरज नव्हती. भाऊजी फाटकाजवळच्या कठड्यावर बसले आणि दोन्ही तळहात उलटसुलट करून बघू लागले, आपलं काहीतरी हातातून पडल्यासारखे. इतके दिवस रोज नवं सोंग वठवणारा माणूस, त्या वेळी त्याला काहीही करता आलं नाही.

टेबलावरचा फोन थरथरला. कोचबाईंचा निरोप होता. शंभरापैकी सत्त्याण्णव. पाठोपाठ मुख्यालयातल्या साहेबांचं अभिनंदन आलं. परीटघडीनं काढलेल्या माणसानं त्याच्यावर खुर्ची उचलली होती, त्याला एकोणसाठ मिळाले. बाबूसाहेबांनी तो आकडा दोनदा वाचला, आणि लाज वाटायच्या आधी त्यांना आनंद झाला. लाज नंतर आली, पण क्रम असा होता.

तेवढ्यात ताईचा फोन आला.

"झाली का रे फायनल?" ती विचारत होती. "ह्यांनी आज सकाळी सहापासून आरशासमोर तालीम धरली होती. मला खुर्चीत बसवून साहेब बनवलं आणि माझ्याकडून तीनदा स्वतःला काढून घेतलं. शेवटी मलाच रडू आलं, तर मलाच ओरडले, म्हणाले रडायचं नाही, बाबूचे मार्क जातील. पास झालास ना?"

"झालो, ताई."

"हे बरे वागले ना? काही चुकले तर नाहीत?"

"नाही. काहीच चुकले नाहीत."

"मग झालं तर! मी म्हटलं होतं ह्यांना, आपल्या पोराला आपण नाही मदत करायची तर कोणी? दे जरा त्यांच्याकडे फोन."

बाबूसाहेबांनी खिडकीतून बघितलं. कठडा रिकामा होता. रस्त्याच्या टोकाला इस्त्रीचा पांढरा शर्ट बसथांबा ओलांडून चालत पुढे गेला होता, थांब्यावर बस उभी असूनही.

"निघालेत ते," बाबूसाहेब म्हणाले. "घरीच येतायत."

"इतक्या लवकर सोडलंस? गुणाचा रे माझा भाऊ! चल, ठेवते, पाणी तापत टाकते त्यांच्यासाठी."

फोन बंद झाला. मनुष्यबळवाल्यानं दारातून डोकं आत घातलं आणि पुढचा माणूस पाठवू का, असं विचारलं. बाबूसाहेबांनी नवा ग्लास अर्धा भरला आणि मान डोलावली.